आराखड्यातील मोकळी जागा

प्रवासाचा आनंद घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच सुरू होतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे. नाताळच्या सुट्टीत खानदेशातील डोंगरदऱ्यांची चार दिवसांची सहल मोटारीने करावी असे यंदा आमच्या घरी ठरले. रविवारच्या मिस्साहून परतल्यावर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. मुलांनी मोबाईलवर अंतरे काढली, आम्ही वहीत वेळा मांडल्या आणि पाहता पाहता चार दिवसांतील प्रत्येक तासाला नेमून दिलेले काम मिळाले.

खानदेशात पाहण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न मुंबई-पुण्याकडील नातलग आम्हांला नेहमी विचारतात. त्यांच्या मनातील खानदेश म्हणजे जळगाव-भुसावळचे पंचेचाळीस अंशांचे ऊन, केळीच्या बागा आणि फार तर हिवाळ्यातील वांग्याचे भरीत. परंतु उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ही भूमी निर्मात्याने मोठ्या सामर्थ्याने घडविली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्हाचा हा काळा पाषाण आहे. वाघूर नदीने तो कापून घोड्याच्या नालेसारखी दरी कोरली, तीत अजिंठ्याची लेणी आहेत. धुळे-साक्रीकडे गेले तर माळरानावर पडक्या तटबंदीसारख्या लांबच लांब काळ्या भिंती दिसतात. त्या कोणा राजाने बांधलेल्या नव्हेत. जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या त्या भिंती आहेत. तोरणमाळला सीताखाईच्या काठावर उभे राहिले म्हणजे पायांखालची जमीन संपते आणि माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमचा आराखडा असा होता. पहिल्या दिवशी जळगावहून साठेक किलोमीटरवरील अजिंठा. लेणी सोमवारी बंद असतात आणि वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते, याची नोंद वहीत झाली. तेथून चाळीसगावी मुक्काम. दुसऱ्या दिवशी पाटणादेवीचे रान आणि कन्नडचा घाट. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख याच पाटणचा. संध्याकाळी धुळे आणि जवळचा लळिंगचा किल्ला. तिसऱ्या दिवशी शहादामार्गे सातपुड्यात शिरून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे तोरणमाळ. १९९८ च्या जुलैत नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही धुळे जिल्ह्यातच होते. आणि चौथ्या दिवशी शिरपूर, चोपडा, यावल असे सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने घरी.

हा आराखडा आम्ही मोठ्याने वाचून दाखविला. प्रत्येक दिवसाचे वाचन संपले की कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या आजी म्हणत, "देवाच्या मनात असेल तर." तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर धाकट्याने विचारले, "आजी, बुकिंग झालंय, पैसेही भरलेत. आता देवाच्या मनाचा प्रश्न कुठे येतो?" सारे हसले. आजीही हसल्या. पण त्या निरागस प्रश्नाने आमची झोप मात्र थोडी उडविली. खरेच, सारे काही ठरवून झाल्यावर देवाच्या मनासाठी काय उरते? आणि काहीच उरत नसेल, तर असे ठरविणे श्रद्धावंताला शोभते काय?

प्रश्न नवा नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, अमुक नगरास जाऊ, तेथे वर्षभर राहू आणि नफा मिळवू, असे बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांना चांगलेच खडसावले आहे. उद्या काय होईल हे ठाऊक नसलेल्या माणसाने वर्षाचा हिशेब मांडावा, याचे त्याला नवल वाटते. प्रभूची इच्छा असेल तर, एवढे शब्द तरी बोलण्यात असावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. आमच्या आजींनी ते पत्र किती वेळा वाचले असेल कोण जाणे, पण त्याचे सार त्यांच्या जिभेवर बसले आहे.

मग योजना करणे हा अविश्वास समजावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. प्रभू येशूनेच बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, कारण पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतील. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात विवेक या सद्गुणाला इतर सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. मोटारीने निघणाऱ्याने ही उपमा मनात ठेवण्यासारखी आहे. टायरमधील हवा, ब्रेक, डब्यातील पाणी, घाटात अंधार होण्याआधी उतरण्याची वेळ, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभूला, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचविले तेव्हा तेही वरवर श्रद्धेचेच बोलणे होते. प्रभूने त्याला देवाची परीक्षा पाहणे म्हटले. ब्रेक न तपासता घाट उतरणारा आणि आरशाला लटकणाऱ्या जपमाळेवर हवाला ठेवणारा चालक त्याच शिखरावर उभा असतो.

यात इतरांचा जीवही गुंतलेला असतो. २०२३ च्या जुलै महिन्यात धुळे जिल्ह्यातील पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका मालवाहू वाहनाचे ब्रेक निकामी झाले आणि ते इतर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसले. किमान दहा माणसे प्राणास मुकली. त्यांत बसची वाट पाहत थांबलेलेही होते. त्यांनी कोणताही धोका पत्करला नव्हता. ते केवळ रस्त्याच्या कडेला होते. व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरील प्रवाशांच्या आध्यात्मिक सेवेसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. त्यांतील पहिली आज्ञा सीनाय पर्वतावरचीच आहे, हत्या न करण्याची. आणि दुसरी सांगते की रस्ता माणसांना जोडण्यासाठी आहे. तेव्हा जबाबदारीने आखलेली योजना ही शेजाऱ्यावरील प्रीतीचाच एक भाग आहे, याबद्दल शंका नसावी.

येथे लेख संपविता आला असता. परंतु योजनेचा एक दोष याहून खोल आहे आणि तो उशिरा ध्यानात येतो. योजना ही निवड असते. काय पाहायचे हे ठरविताना काय पाहायचे नाही, हेही आपण नकळत ठरवून टाकतो.

आम्ही वहीत ज्यांना 'निसर्गरम्य ठिकाणे' म्हणून लिहिले, त्या ठिकाणी माणसे राहतात. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल बांधवांना ती दरी 'पॉइंट' म्हणून ठाऊक नसते; पाण्याची, सरपणाची, दवाखान्याची वाट म्हणून ठाऊक असते. दिवाळी आटोपली की या डोंगरांतील कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे उतरतात. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. आम्ही ज्या ऋतूत मजेसाठी घाट चढतो, त्याच ऋतूत ते पोटासाठी घाट उतरतात. रस्ता एकच. त्यांच्या प्रवासाचाही आराखडा ठरलेला असतो, फक्त तो त्यांनी आखलेला नसतो. नाताळच्या दिवसांत तर ही गोष्ट ख्रिस्ती मनाला टोचली पाहिजे. नाझरेथहून बेथलेहेमला निघालेले ते गरोदर माता आणि सुतार यांचे कुटुंब यहूदियाचे डोंगर पाहायला निघाले नव्हते. सरकारी नावनोंदणीच्या हुकुमाने निघाले होते.

जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी ही भूमी पाहिली ती शेतात राबता राबता, आणि म्हणूनच त्यांच्या ओव्यांतील शेत, विहीर आणि पाखरू आजही जिवंत वाटते. अजिंठ्याच्या भिक्षूंनीही वाघूरची दरी निवडली ती पाहण्यासाठी नव्हे, पावसाळ्यात तेथे स्थिर राहून साधना करण्यासाठी. इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या संत अंतोनीचेही तसेच. तो एकांत शोधीत गेला आणि पुढे लोक त्याच्याकडे येऊ लागले तेव्हा त्याने त्यांना परत धाडले नाही. आपल्या मराठीत तर 'वाळवंट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक निर्जन मरुभूमीचा, दुसरा नदीकाठच्या वाळूचा, जिथे पंढरीचे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. एकाच शब्दात एकांत आणि भेट ही दोन्ही नांदतात. प्रभूही चाळीस दिवस अरण्यात राहिला, पण तेथून परतला तो माणसांतच.

हे सारे लिहिण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही. त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही तोरणमाळला प्रथम गेलो, तेव्हा निघायला उशीर झाला होता. सूर्यास्त गाठायचा होता. घाटाच्या एका वळणावर एक प्रवासी जीप चाक निखळून उभी होती. तिच्यातील माणसे दगडांवर बसली होती आणि एक बाई कडेवर मूल घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत पुढे आली होती. तिने हात वर केला. आमच्या गाडीत एक जागा होती, सामान सरकविले असते तर दोन झाल्या असत्या. आम्ही वेग कमी केला, एकमेकांकडे पाहिले आणि पुढे निघालो. मागून दुसरी गाडी येईल, असे आम्हांपैकी एकजण म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली. मुले मागच्या काचेतून पाहत राहिली.

सूर्यास्त आम्हांला मिळाला. तो सुंदर होता असे छायाचित्रे सांगतात. त्या बाईचे काय झाले, मूल आजारी होते की केवळ पेंगुळले होते, हे आम्हांला कधीच कळणार नाही. कदाचित खरोखरच दुसरी गाडी आली असेल. परंतु त्यामुळे आमचा हिशेब मिटत नाही. आम्ही दुष्टपणाने पुढे गेलो नाही; वेळापत्रकाने पुढे गेलो. पुढे पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा या प्रसंगाला कोणत्या आज्ञेखाली घालावे, तेच समजेना. आम्ही चोरी केली नव्हती, खोटे बोललो नव्हतो. केवळ आमच्या वहीत त्या बाईसाठी जागा नव्हती.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनीचा दृष्टांत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. तो ज्या रस्त्यावर घडतो त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. जेमतेम तीसएक किलोमीटरांत वाट हजार मीटर उतरते, आणि ती उजाड डोंगरांतून, वादी केल्ट नावाच्या खोल दरीच्या बाजूने उतरते. आजच्या भाषेत हा वाळवंटी दऱ्याखोऱ्यांतील घाटरस्ताच. प्रभूने शेजारधर्माची शिकवण सभागृहातील प्रसंग सांगून दिली नाही. डोंगरवाटेवरच्या प्रवाशांची गोष्ट सांगून दिली.

याजक आणि लेवी यांना आपण सहज निष्ठुर ठरवितो. त्या संध्याकाळनंतर आम्हांला तसे म्हणणे जड जाते. त्यांनाही कुठेतरी पोहोचायचे असेल. अंधाराची, लुटारूंची भीती असेल. मागून कोणी येईल, असे त्यांनीही मनाशी म्हटले असेल, आणि तसा तो शोमरोनी आलाही! तरीही प्रभूने त्यांना निर्दोष ठरविले नाही.

शोमरोनीकडे आता निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. तो काही रिकामटेकडा भटक्या नव्हता. तोही प्रवासाला निघालेला माणूस होता. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, वाहनाला जनावर होते, गाठीला पैसे होते. म्हणजे तो तयारीने निघाला होता. जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवून तो तेथेच अडकून पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले, अधिक खर्च झाला तर परतताना देण्याचा शब्द दिला आणि तो आपल्या कामाला गेला. या गोष्टीत सर्वांत चांगली योजना करणारा माणूस कोणी असेल तर तो हाच. त्याची योजना एका अनोळखी माणसाने मोडली, आणि त्याने त्या माणसासह नवी योजना आखली. परतीचा मार्गही त्यात धरला.

आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथे आहे. योजना करावी की देवावर सोपवावे, असा पर्यायच मुळात खोटा आहे. ज्याच्याजवळ तेल आणि दीनार नाहीत, तो थांबला तरी जखमेवर काय घालणार? आणि ज्याचा प्रत्येक तास आधीच भरलेला आहे, त्याच्याजवळ तेल असून काय उपयोग? योजनेची नैतिक कसोटी ती किती बिनचूक आहे ही नव्हे. कोणासाठी मोडता येईल इतकी ती सैल आहे काय, ही आहे.

येथे कोणी वाचक म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की काळ वाईट आहे. निर्जन घाटात मुलाबाळांसह अनोळखी माणसांसाठी थांबणे हा विवेक आहे काय? आम्ही या आक्षेपाला हलके लेखीत नाही. मुलांचे रक्षण हेही देवाने सोपविलेले काम आहे, आणि थांबणे हा दर वेळी एकमेव मार्ग नसतो. काच खाली करून विचारता येते. १०८ क्रमांकाला रुग्णवाहिकेसाठी फोन करता येतो. घाटात फोन लागत नसेल तर पुढच्या वस्तीत, पोलीस चौकीत निरोप देता येतो. अपघातग्रस्ताला मदत केली तर आपणच चौकशीच्या फेऱ्यात सापडू, ही भीतीही आता पूर्वीसारखी खरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम १३४-अ घालून अशा माणसाला संरक्षण दिले. कायद्यात त्याला नाव दिले आहे 'गुड समॅरिटन'. भारताच्या कायद्यात प्रभूच्या दृष्टांतातील प्रवासी येऊन बसला आहे आणि आपण, ज्यांनी तो दृष्टांत धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केला, त्याला घाटात ओळखू नये? आम्ही त्या दिवशी भीतीने पुढे गेलो असतो तर ते समजण्यासारखे होते. आम्ही काचही खाली केली नाही. घाटमाथ्यावर पोहोचल्यावरही कोणाला काही सांगितले नाही.

यंदा वहीतील पाने आम्ही पुन्हा लिहिली. धुळ्याला एक स्थळ वाढले, तेथील कारागृह. त्यात पाहण्याजोगी दरी नाही. पण १९३२ साली तेथे बंदिवान असलेल्या विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सोबत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे त्याच्या भिंतीजवळून जाताना तरी मुलांना सांगता येईल. प्रवासाची वाट बंद झालेली माणसेही किती दूर जाऊ शकतात, हे त्यांना कळावे. तीन ठिकाणे मात्र कमी झाली. दर दिवसाचे दोन तास कोरे ठेवले आहेत आणि त्यांपुढे काही लिहायचे नाही असे ठरले आहे. सामान कमी केले आहे, म्हणजे मागची एक जागा रिकामी राहील. प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचा एक अधिक कॅन आणि एक जाड चादर डिकीत राहील. सूर्यास्त कुठे पाहायचा, हे ठरविलेले नाही.

एवढ्याने ती बाई परत भेटणार नाही, हे आम्ही जाणतो. झालेल्या चुकीची भरपाई पुढच्या प्रवासात होते, असेही आम्ही म्हणत नाही. ती क्षमेची बाब आहे आणि क्षमा आराखड्यात मांडता येत नाही.

नवा आराखडा वाचून दाखविला तेव्हा आजींनी सवयीप्रमाणे आपले वाक्य उच्चारले. धाकट्याने कोऱ्या तासांवर बोट ठेवून विचारले, "हे दोन तास देवाच्या मनातले का?"

आजींनी जपमाळेचा मणी पुढे सरकविला. "देवाच्या मनात सगळेच तास आहेत, बाळा," त्या म्हणाल्या. "हे दोन तेवढे तुम्ही त्याला दाखवून ठेवलेत."